लाल पोह्यांचा मलिदा

आमच्या घरचा मलिदा लाल असायचा. बाकी सगळ्या जगात, म्हणजे आमच्या आत्याच्या जगात, जे रेवदंड्याला सुरू होऊन ठाण्याला संपायचं, तिथे मलिदा पांढऱ्या पोह्यांचाच करतात. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं खवून घालायचं, साखर, वेलची, बदामाचे काप घालून ताटात डोंगर रचायचा, भोवतीनं फळं आणि खजूर मांडायचे, वर गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या, आणि मग एलियाहू हनाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घेऊन बरकत मागायची. आम्हा बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचं, कुठलंही शुभकार्य मलिद्याशिवाय पुढे सरकत नाही. पण तंजावरच्या बाजारात अवल, म्हणजे तिथले पोहे, मिळायचं ते जाड आणि तांबूस. आई तेच आणायची. आत्या दर वेळी ताटाकडे बघून नाक मुरडायची, "शी! रक्त कालवल्यासारखा दिसतो." आणि मग पोटभर खायची.

बाबा गुरांचे डॉक्टर. नोकरीनं त्यांना कोकणातून उचललं आणि ओरत्तनाडूच्या गुरांच्या दवाखान्यात आणून टाकलं. बिऱ्हाड मात्र त्यांनी तंजावरात केलं, राजवाड्यामागच्या गल्लीत, का तर तिथे मराठी कानावर पडते. त्यांची पहिली बायको एस्तरताईला जन्म देऊन तापानं गेली. समोरच्या घरातली मीनाक्षी त्या तान्ह्या पोरीला न्हाऊ घालायला, बोंडल्यानं दूध पाजायला यायची. ती येत राहिली, येत राहिली, आणि एके दिवशी परत गेलीच नाही. ती माझी आई. तिचं घराणं मराठा राजांच्या चाकरीत दक्षिणेला आलेलं, हिंदू, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. माहेरून तिनं दोनच वस्तू आणल्या: तिच्या आईनं तिच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली कुंभकोणमची वांगी रंगाची रेशमी नऊवारी, आणि पाणी प्यायचा एक पितळी पेला. पेल्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तमिळ अक्षरांत तिचं नाव कोरलेलं होतं. समोरचं दार त्या दिवशी जे बंद झालं ते बंदच राहिलं. रोज सकाळी माझी आजी त्या दारात वाकून कोलमची रांगोळी घालायची, आई आमच्या दारात सडा टाकायची, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली, आणि आजी कधी मान वर करायची नाही.

बाबांनी आईला वेण्णार नदीत बुडी मारायला लावली, शेमाची प्रार्थना म्हणायला शिकवलं, मिरियम असं नाव ठेवलं आणि झालं म्हणाले. त्यानंतर त्यांनी तिला मीनाक्षी म्हणून हाक मारलेली मी ऐकली नाही. घर सांभाळायला म्हणून कोकणातून आलेली आत्या मात्र मानायला तयार नव्हती. "न्हायली म्हणून कोणी इस्राएल होतं काय? मग वेण्णारमधल्या म्हशी पण इस्राएल!" आमच्यात तेव्हा गोरे आणि काळे असा भेद होता, आणि कातडीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आई-बाप दोन्ही इस्राएल, तो गोरा. आई बाहेरची, तो काळा. आत्या तव्याच्या बुडासारखी होती, आणि ती गोरी. मी गव्हाळ, आणि मी काळी. एस्तरताई पहिल्या बायकोची, म्हणून गोरी. यावर मी आता हसते. तेव्हा हसायची सोय नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी घर कसं होतं ते सांगते, कारण ते फार सुंदर होतं आणि ते मला कोणाला देऊन टाकायचं नाही. आई दुपारपासून चुलीशी. खवल्यांचा मासाच आम्हाला चालतो, म्हणून ती कोळिणीकडून एकेक मासा उलटापालटा करून खवलं बघून घ्यायची. नारळाच्या दुधातली आमटी, तंजावरी हातानं थोडी चिंच जास्त पडलेली, घरभर वास. राजवाड्याच्या बाजूनं देवळातल्या नागस्वराचा सूर यायचा आणि इकडे बाबा पांढरी टोपी घालून पुस्तक उघडायचे. काचेच्या हंडीत पाणी, पाण्यावर खोबरेल, तेलात वात. ती वात आई लावायची. घरची बाई लावते तो शब्बाथचा, विसाव्याच्या दिवसाचा, दिवा, असं बाबांनी आत्याला एकदा ठणकावून सांगितलं होतं. आयुष्यात त्यांनी आईच्या बाजूनं आवाज चढवला तो तेवढाच. मग काळ्या मनुकांचं शरबत. बाबा बरकत म्हणून पेल्यातून घोट घ्यायचे, मग आत्या, मग ताई. आई आणि मी काळ्या. आमचे ओठ त्या पेल्याला लागायचे नाहीत. बाबा उरलेलं शरबत वरून आईच्या पितळी पेल्यात ओतायचे आणि त्यातून आम्ही दोघी प्यायचो. पण दिवा आईचा होता. वात पेटली की ती दोन्ही हात डोळ्यांवर ठेवायची आणि बोटांतून मला बघून हसायची.

ताईची तीन स्थळं मोडली. मुलगी गोरी, शिकलेली, दिसायला चांगली, पण चौकशी झाली की घरात काळी सावत्र आई आहे हे बाहेर यायचं आणि पत्र यायचं बंद व्हायचं. ताईनं जिला आई म्हटलं ती ही एकच बाई. दुसरी तिनं पाहिलेलीच नव्हती. तरी तिसरं स्थळ मोडल्यावर ती आईशी चार दिवस बोलली नाही. चौथं आलं ते शिमोनचं. मुलगा तिरुचीला कारखान्यात, घरी विधवा आई, राहेलबाई, मूळच्या पेणच्या. दक्षिणेत इस्राएल मुलगा मिळणं म्हणजे काय होतं हे आज कोणाला सांगून कळायचं नाही. आत्याचा जीव टांगणीला लागला. जेवणं झाल्यावर तिनं बाबांसमोरच विषय काढला.

"त्यांना मी कळवलंय, वहिनी वारली, घर मी बघते. खोटं नाही ते. वारलीच आहे ती."

"आणि मिरियम?" बाबांनी विचारलं.

"तिला स्वयंपाकीण म्हणायचं. एका दिवसाचा प्रश्न आहे. वहिनी म्हणून नुसतं बसवूनही चालायचं नाही हो, तिनं तोंड उघडलं की तंजावरचं मजला-तुजला सुरू. कोकणातली बाई आहे म्हणून कोण मानेल?"

बाबा ताटातल्या पाण्यात बोटं बुडवून बसले होते. ताई खांबाला टेकून उभी होती. आई तिच्याकडे बघत राहिली, कारण आईला बाबांच्या उत्तराशी कर्तव्य नव्हतं, तिला ताईचं हवं होतं. ताई म्हणाली, "आई, एकच दिवस गं." झालं. आईला तेवढं पुरलं.

"सरी," आई म्हणाली. तिच्या तोंडी होकार तमिळच यायचा. "एक दिवस तर आहे. तुजला चांगले घर मिळो, मजला अजून काय पाहिजे, कण्णे?"

त्या दिवशी राहेलबाई आणि शिमोन सकाळच्या गाडीनं आले. जाडजूड, गोरटेल्या, हसऱ्या बाई; मला लगेच आवडल्या हे सांगून टाकते. वाईट बाई नव्हती ती. तिला जे सांगितलं ते तिनं खरं मानलं, एवढाच तिचा दोष. आईनं पहाटेपासून मलिद्याचं सगळं केलं होतं. लाल पोहे निवडून, भिजवून, खोबरं कालवून ताट रचलं होतं, आणि ताट रचून झाल्यावर आत्यानं ते तिच्या हातून काढून घेतलं होतं, कारण मलिद्याचं ताट स्वयंपाकिणीनं केलंय म्हटलं तर पाहुणे शिवायचे नाहीत. आत्या ते ताट घेऊन बाहेर गेली आणि म्हणाली, "मीच करते दर वेळी. दुसऱ्याच्या हातचं मला चालत नाही बाई."

बाबांनी पुस्तक उघडलं. झाडाच्या फळाची बरकत, जमिनीच्या फळाची, वासाची. प्रत्येक बरकतीनंतर ताटातलं उचलून ज्याच्या त्याच्या तळहातावर ठेवायचं. मलिदा घरातल्या कोणालाच चुकवायचा नाही ही रीत. म्हणून शेवटी राहेलबाईंनीच विचारलं, "आणि तुमची बाई? ती काय उपाशी?" आत्यानं केळीच्या पानाचा तुकडा फाडला, त्यावर एक मूठ टाकली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवला. आईनं तो उचलला. स्वतःच्या हातानं केलेला, स्वतःच्या मुलीच्या मागणीचा मलिदा तिनं उंबऱ्याच्या आत उभ्यानं खाल्ला.

मी दारात होते. राहेलबाईंनी माझी हनुवटी धरली. "आणि ही चिमणी कोण? नाव काय गं तुझं?"

माझं नाव हाना. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "कमला. बाईची मुलगी. वरकामाला येते."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पुस्तकात बोट घालून पान शोधत होते, आणि ते पान त्यांना सापडत नव्हतं. तसं आत्याला माझं नाव बदलायची काही गरजही नव्हती. पण मुळात खोटं बोलायची एकदा सवय लागली की माणूस हात सैल सोडतो. संध्याकाळपर्यंत मी कमला होते. "कमला, पाणी आण. कमला, पानं उचल." ताईसुद्धा म्हणाली, आणि एकदाच नाही.

जेवताना राहेलबाईंनी आमटी भुरकली आणि डोळे मिटले. मग आईला बाहेर बोलावलं. "काय घातलंस गं यात?"

"काही नाही हो. चिंच अमळ अधिक घातली. तुम्हांस रुचली ना?"

राहेलबाई खो खो हसल्या. "अगंबाई! ही कुठली मराठी? आमच्या पणजीची!" शिमोन हसला, आत्या हसली, ताईपण हसली. मग राहेलबाई म्हणाल्या ते ऐकून आत्याचा चेहरा पडला: "हे बघा, हुंडाबिंडा मला काही नको. पण ही बाई मला द्या. कायमची नको हो, सणावारी पाठवा. तिरुची काय लांब आहे? बसनं तासाभराची वाट." कोणालाच नाही म्हणता येईना. काय म्हणून नाही म्हणणार? स्वयंपाकीण कोणी नाकारतं का? एका दिवसाचं नाटक बसवताना कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं की आईच्या हाताला चव आहे.

लग्न मुंबईला सिनेगॉगमध्ये झालं. आम्हा दोघींना नेलं नाही. नवरीबरोबर स्वयंपाकीण कशाला? ताईच्या हाताला मेंदी लावायची ती आईनं इथेच, निघायच्या आदल्या दुपारी, दार लावून लावली, आणि पाटावर बसवून तिला तेल लावून न्हाऊ घातलं. आत्या बाहेरून दार वाजवत होती, "पुरे आता, गाडी चुकेल!" गाडी दुसऱ्या दिवशीची होती. ताई रडली. खरंच रडली, ते मी नाकारत नाही. तिच्या ट्रंकेत सगळ्यात तळाला आईनं ती वांगी रंगाची नऊवारी घडी करून ठेवली. "आई, तुझी एकुलती एक आहे ती," ताई म्हणाली. आई म्हणाली, "माझ्या आईने मजसाठी ठेविली होती. मी तुजला देत्ये. तू कोणाला द्यावी ते तू पाहा."

आज ताई इस्राएलात आहे, समुद्राकाठच्या एका गावात, पणतवंडांसकट. दर शुक्रवारी फोनवर दिसते. केस माझ्यासारखेच पांढरे झालेत. परवा म्हणाली, "तुझ्या आईच्या हातचा लाल मलिदा आठवतो गं." तुझ्या आईच्या. लग्नानंतर कधीतरी ती 'आई'ची 'तुझी आई' झाली, आणि मग तशीच राहिली. मी फोन बंद केला आणि वायफायला दोष दिला.

लग्नानंतरचा पहिला मोठा सण आला तो नव्याचा, आमच्या वर्षाचा पहिला दिवस. राहेलबाईंचा निरोप आलाच. आई आणि मी बसनं तिरुचीला गेलो. मागच्या दारानं. ताई स्वयंपाकघरात आली, आईला बघून तिचे ओठ हलले, तेवढ्यात राहेलबाईंची चाहूल लागली आणि ती म्हणाली, "आलात मीनाक्षीबाई?" स्वयंपाकीण म्हणून आत्यानं तिला तिचं जुनंच नाव परत केलं होतं. आई म्हणाली, "आल्ये, ताई." मी जिला ताई म्हणायची, तिला आता आई ताई म्हणू लागली.

नव्याच्या सणाला चिकाचा हलवा लागतो. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा, नारळाच्या दुधात साखर घालून तो घोटत बसायचा, हात थांबला की संपलं. आई दुपारभर घोटत होती. तिच्या कपाळावरून घाम गळायला लागला की मी तिच्याच पदरानं पुसायची. हलवा असा जमला की राहेलबाईंनी शेजारच्या रेल्वेतल्या ख्रिश्चन बाईंनाही नेऊन दिला. आम्हाला मागच्या पायरीवर पानावर वाढलं. आतून सफरचंद मधात बुडवून खाताना सगळे गोड वर्ष मागत होते ते ऐकू येत होतं. ताईला दिवस गेले होते हे आईला तिच्या चालीवरून कळलं. कोणी सांगितलं नाही. निघताना राहेलबाईंनी आईच्या हातात एक गाठोडं दिलं. "सणाचं घे. एस्तरच्या ट्रंकेत होतं, ती म्हणाली जुनं आहे, बाईला देऊन टाका. तुमच्या इकडच्या पद्धतीचं लुगडं आहे, तुलाच शोभेल."

बस स्टँडवर बाकावर बसून आईनं गाठोडं सोडलं. वांगी रंगाची रेशमी नऊवारी. तिनं ठेवली होती त्याच घडीची. उलगडूनसुद्धा कोणी पाहिली नव्हती. आईनं ती मांडीवर ठेवली आणि पदराच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मी विचारलं, "ताईनं का दिली?" आईनं मला जवळ ओढलं. "पावम, बिचारी. तिला भय वाटले असेल, ही कोठून आली म्हणून कोणी पुसेल," असं म्हणाली. बस आली, गेली. दुसरी आली. आई उठेना. मग एकाएकी तिनं गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "हे नेसून मी एकदा तरी बसणार."

नव्याच्या सणानंतर दारफाळणीचा सण येतो. कडकडीत उपास, पांढरे कपडे, घराची दारं लावून दिवसभर प्रार्थना. त्याच्या आदल्या दिवशी एकमेकांची माफी मागायची रीत आहे. बाबा दर वर्षी आईसमोर उभं राहून तेच म्हणायचे, "काही चुकलं असेल तर माफ कर," आणि आई दर वर्षी "सरी" म्हणायची. त्या वर्षी तिनं चूल सारवणं थांबवलं नाही. बाबा आतल्या खोलीत गेले.

उपासाच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी एकमेकांकडे जायचं, गोरगरिबांना काही द्यायचं. तिरुचीची मंडळी येणार होती. सकाळी आई न्हायली आणि ती नऊवारी नेसली. तंजावरी पद्धतीनं, घट्ट, कासोटा मारून. केसात मोगरा माळला. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती, आणि मला ती इतकी देखणी दिसली की मी तिच्या कमरेला मिठी मारली. तिनं मला दूर केलं, चुण्या मोडतील म्हणून. "ऐक, हाना. मी आज काही बोलणार नाही. मी फक्त बसणार. बोलायचे ते तुझ्या बाबांनी बोलावे. एक शब्द पुरे. ही माझी बायको, इतके म्हणावे. मग एस्तरच्या सासूने काय करायचे ते करू दे. पोर पोटात आहे, आता ती तिला घराबाहेर काढायची नाही." तिनं सगळा विचार केला होता. ताई बिनघोर होईपर्यंत ती थांबली होती.

आत्यानं तिला पाहिलं आणि किंचाळली, "तुला वेड लागलंय काय? काढ ते! पोरीचा संसार मोडायला बसलीस?" आई पुढच्या खोलीत गेली आणि बाबांच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची कायम मोकळी असायची. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. माझ्या जन्माआधी कधीतरी त्यांनी तिला असंच पाहिलं असणार, कारण त्यांचा चेहरा क्षणभर वेगळाच झाला. ते म्हणाले, "मिरियम..." आणि दारात हसण्याचा आवाज आला.

राहेलबाई आत आल्या, मागून ताई आणि शिमोन. "अगंबाई, मी दिलेलं नेसलीस! कित्ती छान दिसतंय!" त्यांना खरोखर आनंद झाला होता. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई खुर्चीवर बसली आहे, आणि त्या थोड्या गोंधळल्या, पण मोठ्या मनानं म्हणाल्या, "असू दे, सण आहे. बस बस. पण आधी पाणी तरी आण गं, उन्हातून आलोय आम्ही."

आई उठली नाही. तिनं बाबांकडे मान वळवली आणि वाट बघत राहिली. ताई दाराच्या चौकटीला, जिथे मेझुझा, म्हणजे आमच्या प्रार्थनेची छोटी डबी, ठोकलेली होती तिथे, हात टेकून उभी होती. दुसरा हात पोटावर. आत्या स्वयंपाकघराच्या तोंडाशी. शिमोन एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होता, आणि मला वाटतं त्याला कळायला लागलं होतं. मी मनातल्या मनात बाबांना ढकलत होते, बोला ना, बोला ना. एलियाहू हनाबीला मी त्या वेळी काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. बाबांनी आईकडे पाहिलं नाही. त्यांनी ताईकडे पाहिलं, तिच्या पोटावरच्या हाताकडे, आणि मग जमिनीकडे.

"मीनाक्षीबाई," बाबा म्हणाले, "पाणी आणा."

मिरियमसुद्धा नाही. आण नाही, आणा. आई उठली, चुण्या सावरल्या, आत गेली. आत्यानं सुस्कारा सोडला आणि राहेलबाईंना बसायला सांगितलं. आई तबकात पाणी घेऊन आली. राहेलबाईंना काचेच्या पेल्यात दिलं, शिमोनला, ताईला. ताईनं पेला घेताना पाणी तिच्या पदरावर सांडलं. शेवटी आई बाबांसमोर उभी राहिली. त्यांच्यासाठी तिनं पाणी आणलं होतं ते तिच्या पितळी पेल्यात. ज्यात ते वरून शरबत ओतायचे, ज्याला त्यांचे ओठ कधी लागले नव्हते. काठाखालचं नाव तिनं त्यांच्याकडे वळवून धरलं होतं.

बाबांनी पेला घेतला. शिमोन कारखान्यात तमिळ वाचायला शिकला होता आणि तो त्यांच्या शेजारीच बसला होता. घरचा मालक स्वयंपाकिणीच्या पेल्यातून पाणी पितो हे त्यानं वाचलं असतं. बाबांनी पेला हातात फिरवला, आईच्या नावावर अंगठा दाबून धरला, आणि ते सगळं पाणी एका दमात प्यायले. रिकामा पेला त्यांनी तसाच, अंगठा न काढता, आईच्या हातात दिला.

मंडळी जेवून खाऊन संतोषानं गेली. ताई जाताना आईच्या पाया पडायला वाकली आणि राहेलबाई म्हणाल्या, "किती मायाळू सून मिळाली मला बघा, बाईच्यासुद्धा पाया पडते." आईनं पाय मागे घेतले.

मग शुक्रवार आला. आईनं दुपारी मासा केला, आमटी केली, हंडीत पाणी घातलं, पाण्यावर खोबरेल ओतलं, वात वळून ठेवली. ऊन उतरलं. देवळातला नागस्वर सुरू झाला. बाबांनी टोपी घातली आणि पुस्तक उघडून बसले. वात लावायची वेळ झाली तरी आई येईना. बाबांनी हाक मारली, "मिरियम." पुन्हा मारली. मी खिडकीतून पाहिलं. आई गल्ली ओलांडून समोर गेली होती. आपल्या आईच्या बंद दारासमोरच्या ओट्यावर ती बसली होती, वांगी रंगाची नऊवारी नेसून, पितळी पेला मांडीवर घेऊन. ती दार वाजवत नव्हती, नुसती बसली होती.

आत्या म्हणाली, "सूर्य बुडेल," आणि तिनं दिवा लावला. बाबांनी तिला अडवलं नाही. ते बरकत म्हणू लागले, आणि त्यांच्या आवाजाच्या मधून आम्हा सगळ्यांना गल्लीपलीकडच्या दाराला आतून अडसर लावल्याचा आवाज ऐकू आला.